रात्री धडधडलं तर एकटी बसू नकोस

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "झोप नीट झाली नाही, बाकी काही नाही." तुझा आवाज मी ओळखते गं. पुन्हा मध्यरात्री जाग आली असणार, छाती धडधडत असणार आणि रूममेटची झोप मोडू नये म्हणून तू अंधारात भिंतीला टेकून बसली असणार. फोनवर हा विषय काढला की तू लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागतेस, म्हणून सवडीने लिहिते आहे.

हे तुझ्या मनाचे खेळ नाहीत, हे आधी पक्कं धर. निदान होईपर्यंत जो तो सांगत होता, टेन्शन घेऊ नकोस, व्यायाम कर, लग्न झालं की सगळं ठीक होईल. मला अजून राग येतो त्याचा. शेवटी ज्या डॉक्टरीणबाईंनी तुला आधी आडवं निजवून आणि मग दहा मिनिटं भिंतीला टेकवून उभं करून नाडी मोजली, त्यांनीच नाव सांगितलं. बीपी फारसं न पडता उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी मिनिटाला 30 ठोक्यांनी किंवा त्याहून जास्त वाढते आणि हे किमान तीन महिने चालू राहतं, तेव्हा त्याला पॉट्स म्हणतात. वैद्यकशास्त्रात हे नाव रूढ झालं ते 1993 मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांमुळे. त्याआधीच्या किती पोरींना 'नाजूक आहे', 'नाटकं करते' असं ऐकून घ्यावं लागलं असेल.

आता रात्रीचं. हृदयाला मोकळं सोडलं तर ते मिनिटाला साधारण 100 ठोके देतं. व्हेगस नावाची नस त्याला लगाम घालून 60-70 वर ठेवते, झोपेत तर आणखी खाली. तुझ्या शरीरात हा लगाम मधूनच ढिला पडतो, नाहीतर अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं भलत्या वेळी उसळतात. स्वप्नं पडतात त्या झोपेत नाडी सगळ्यांचीच वरखाली होते, पण आम्हाला त्याचा पत्ता लागत नाही. तुला नेमकी त्यातच जाग येते, आणि जाग आली की ती आणखी चढते. दिवाळीत तू माझ्याशेजारी झोपली होतीस तेव्हा मी पाहिलं, गळ्याच्या खोबणीत नाडी कातडीखालून उडताना दिसत होती आणि तू डोळे मिटून शांत पडून होतीस. मला उठवलंसुद्धा नाहीस.

त्यात पाण्याची भानगड वेगळीच. दिवसभर पायांकडे उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर वर येतं. मूत्रपिंडांना वाटतं पाणी जास्त झालंय, ती ते बाहेर काढतात. म्हणून तुला रात्री लघवीला उठावं लागतं, आणि उठून उभं राहिलीस की धडधड. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली चार-सहा इंच उंची द्यायला डॉक्टर सांगतात ते यासाठीच. नुसत्या दोन उशा घेऊन भागत नाही, मान अवघडते आणि पाय होते तिथेच राहतात. उठताना आधी कुशीवर हो, मग पाय खाली सोडून जरा बस, पोटऱ्या आवळ आणि मगच उभी राहा. पाण्याची बाटली उशाशीच ठेव.

रात्रीचं जेवण थोडं आणि लवकर घे. पोटभर जेवल्यावर रक्त पोटाकडे धावतं. खोली गार ठेव. पाळीच्या दिवसांत त्रास वाढतो हे तुझं तुलाच कळलंय, त्या दिवसांत पहाटेची शिफ्ट घेऊ नकोस. आणि मिडोड्रिनची, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून बीपी धरून ठेवणारी, शेवटची गोळी झोपण्याच्या किमान चार तास आधी. ती घेऊन आडवं झालं तर बीपी चढतं.

मिठावरून आत्या परत बोलली ना? एरवी माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगतात, तिचं त्या हिशेबाने बरोबर आहे. तुझ्या डॉक्टरांनी मात्र तुझं बीपी आणि मूत्रपिंडं तपासून तुला मुद्दाम जास्त सांगितलंय, आणि दिवसाला दोन-तीन लिटर पाणी. तू खुशाल ताकात मीठ घाल, पापड-लोणचं खा. आत्याचं मी बघते.

घड्याळाचं एक सांगू? जाग आली की लगेच मनगट वर करून आकडा बघतेस. 128 दिसला की भीतीने तो 140 होतो. आधी पाणी पी, श्वास सावकाश सोड, पाय हलव. आकडा सकाळी बघ, वहीत लिही, डॉक्टरांना दाखव. पण धडधड एकदम सुरू होऊन एकदम थांबत असेल, किंवा ठोके मधेच चुकत असतील, तर ते वेगळं असू शकतं. तेव्हा ईसीजी आणि गरज पडली तर होल्टर, म्हणजे दिवसरात्र ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावून घ्यायचाच, सगळं पॉट्सच्या माथी मारायचं नाही. छातीत दुखलं, धाप लागली किंवा पडल्या पडल्या शुद्ध हरपतेय असं वाटलं तर सरळ दवाखाना गाठायचा, मला फोन नंतर.

आणि त्या वेळी तुला दवाखान्यात नेणार कोण? तुझ्या रूममेटला यातलं काहीच माहीत नाही. तू तिला 'अ‍ॅसिडिटी' सांगितलीयस, मला कळलं. अगं, तिला परीक्षेच्या आदल्या रात्री ताप आला तेव्हा तू रात्रभर जागलीस. मग तिने तुझ्यासाठी एकदा उठलं तर कुठे बिघडलं? या आठवड्यात तिला नीट सांग: आजाराचं नाव, गोळ्या कुठे असतात, तू चक्कर येऊन पडलीस तर तुला उचलून बसवायचं नाही, आडवंच ठेवून पाय वर करायचे. माझा आणि बाबांचा नंबर तिला दे.

खाटेखाली लावायचे लाकडी ठोकळे बाबांनी सुताराकडून करून घेतलेत. रविवारी ते घेऊन येतो आहोत, तेव्हा मीही तिच्याशी बोलेन.

तुझी,
आई