चतुर्थीआधी वायफायचं एवढं करून ठेव

चि. ऋजुतास,
अनेक आशीर्वाद.

चतुर्थी तोंडावर आली. आचऱ्याचं घर चाकरमान्यांनी भरेल आणि गणपतीच्या पाया पडून उठला की जो तो तुझ्याकडे पासवर्ड मागेल. नाही म्हणता येणार नाही, म्हणूही नकोस. पण तुझ्या ऑफिसचा लॅपटॉप, खळ्यातला कॅमेरा आणि पोराटोरांचे गेम भरलेले फोन एकाच नेटवर्कवर नकोत. राऊटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं ते चालू कर. त्याला नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. तो खुशाल कागदावर लिहून पडवीत चिकटव, विसर्जनानंतर बदल. मग गेस्टवरच्या फोनमधून ब्राउझरमध्ये राऊटरच्या सेटिंगचं पान उघडून बघ. पत्ता राऊटरच्या तळाच्या चिठ्ठीवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१. उघडलं तर दोन्ही नेटवर्कं नीट वेगळी झालेली नाहीत. 'आयसोलेशन'चा, म्हणजे गेस्टला घरच्या नेटवर्कपासून तोडायचा, पर्याय शोधावा लागेल.

आता घरचा पासवर्ड. जोडणी करून गेलेल्या माणसाने माझा मोबाइल नंबरच ठेवलाय. गावात बहुतेक घरी हेच, आणि नंबर तर दुकानाच्या पाटीवरही असतो. तो माहीत नसला तरी फरक पडत नाही. तुझा फोन वायफायला जोडला जातो त्या क्षणाची देवाणघेवाण रस्त्यावरच्या माणसाला टिपता येते. ती घरी नेऊन तो निवांत एकेक पासवर्ड लावून बघतो, राऊटरला पत्ताही लागत नाही. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ या आकड्यांनी सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख तपासतं. तासा-सव्वा तासात खेळ खलास. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घे: तिरफळ, घमेलं, पंचांग असले. इंग्रजी अक्षरांत सलग लिही, ६३ अक्षरांपर्यंत चालतं. (हेच तीन घेऊ नकोस, पत्र आजी सगळ्यांना वाचून दाखवते.) राऊटरवर 'डब्ल्यूपीए३' ही वायफायची नवी सुरक्षा पद्धत असेल तर ती निवड, त्यात असं घरी बसून तपासता येत नाही. जुने फोन जोडेनासे झाले तर जुनी-नवी दोन्ही चालणारा मिश्र पर्याय ठेव.

जाड चिऱ्याच्या भिंतींमुळे माजघरात रेंज येत नाही म्हणून राऊटर पडवीच्या खिडकीत ठेवलाय. त्यामुळे तुझ्या खोलीपेक्षा रस्त्यावर रेंज जास्त! त्याला आत घे.

कोण कशाला आपल्या वायफायच्या मागे लागेल, असं काका म्हणतील. त्यांना नवी मुंबईतल्या सानपाड्याची गोष्ट सांग. २६ जुलै २००८ला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना गेलेला धमकीचा ईमेल तिथल्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून गेला होता. पाठवणारे भलतेच, पोलीस मात्र आधी त्याच्या दारात. आपली जोडणी माझ्या नावावर आहे.

'डब्ल्यूपीएस' (पासवर्डाऐवजी बटणाने किंवा पिनने फोन जोडायची सोय) बंद कर. त्याचा पिन आठ आकडी असला तरी राऊटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे कोट्यवधी नव्हे, जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ सालीच उघड झालं, तरी जुन्या राऊटरवर ते चालूच असतं. वायफायचं नाव लपवायच्या भानगडीत पडू नकोस, शोधणाऱ्याला ते दिसतंच.

राऊटरच्या पानाचा 'अ‍ॅडमिन' पासवर्ड वेगळा असतो, तोही बदल. वहीत लिहून फडताळात ठेवलास तरी चालेल. आणि विजा चमकल्या की प्लग काढ. राऊटर जळून नवा आला किंवा कुणी रीसेटचं बटण दाबून धरलं, तर हे सगळं पुसून कंपनीचा मूळ पासवर्ड परत येतो. तेव्हा पहिल्यापासून करावं लागेल.

आई आणि मी हरतालिकेच्या सकाळी कणकवलीला उतरतो. तोवर जमलं नाही तर मी बसेन, पण मग शब्द मी निवडणार.

तुझे,
बाबा