पिला हाऊस म्हणजे पिवळं घर नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मराठी रंगभूमी दिनानिमित्त आपण छापलेला मुंबईच्या नाट्यगृहांवरचा लेख वाचला. लेख मन लावून लिहिलाय, यात वाद नाही. पण त्यातली गाडी सांगलीहून सुटते ती थेट दादरलाच येऊन थांबते. 1843 च्या विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवर' नाटकानंतर पुढच्याच परिच्छेदात 1965 चं शिवाजी मंदिर. मधला ग्रँट रोड कुठे गेला?

मी या भागात बरीच वर्षं बेस्टचा कंडक्टर होतो. इथल्या एका स्टॉपचं नाव पिला हाऊस. "पिला हाऊस, पिला हाऊसवाले पुढे या" हे दिवसातून किती वेळा ओरडलो असेन, देव जाणे. सुरुवातीची काही वर्षं माझी पक्की समजूत होती की इथे कधीकाळी एखादं पिवळं घर असणार. एका पॅसेंजरने विचारलं, तर त्याला खिडकीतून बिनदिक्कत एक रंग उडालेली इमारत दाखवलीसुद्धा! शेवटी डेपोतल्या एका जुन्या टाइमकीपरने माझी अक्कल काढली. म्हणाला, "पिवळं कसलं रे? प्ले हाऊस. थिएटरं होती इथे नाटकांची. बोलून बोलून पिला हाऊस झालं."

तेव्हापासून जे मिळेल ते वाचत गेलो. ग्रँट रोडचं थिएटर 1846 साली सुरू झालं. त्यासाठी जागा दिली ती नाना शंकरशेट यांनी. तिथे खेळ मुख्यतः इंग्रजी चालत. इकडे सांगलीत विष्णुदास भाव्यांचे आश्रयदाते चिंतामणराव पटवर्धन 1851 मध्ये वारले आणि मंडळींना पोटासाठी बाहेर पडावं लागलं. मार्च 1853 मध्ये भाव्यांनी याच थिएटरात तिकीट लावून खेळ केले. सूत्रधाराचं गाणं, मग गणपती-सरस्वती, मग 'अलल्डुर्र' करत उड्या घेणारे राक्षस, सगळं साहेबाच्या रंगमंचावर. राजाच्या मर्जीवर चालणारं नाटक तिकिटावर आलं, याचं आम्हा कंडक्टर लोकांना जरा जास्तच कौतुक! पुढच्याच महिन्यात बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. ती तारीख शाळेतल्या पोराला पाठ असते. त्याच वर्षी ऑक्टोबरात पारशी मंडळीही इथेच नाटक करू लागली. मराठी, पारशी, गुजराती, उर्दू अशी सगळी रंगभूमी एका रस्त्यावर वाढली आणि एकमेकांचे पडदे, पेट्या, चाली उचलत राहिली.

याच ग्रँट रोडवर बालीवाला थिएटर होतं. 8 जुलै 1921 ला तिथे टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्यांमधून तेव्हा विस्तव जात नव्हता, निदान त्यांच्या चाहत्यांमध्ये तरी. एका रात्रीसाठी बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. तिकिटं शंभर रुपयांपर्यंत गेली होती. आमचे आजोबा तेव्हा गिरणीत बदली कामगार. त्यांनी हा खेळ 'पाहिला' असं ते शेवटपर्यंत सांगत. शंभर जाऊ द्या, पाच रुपये तरी त्यांच्याकडे कुठून येणार? माझा अंदाज, त्यांनी तो बाहेर रस्त्यावर उभं राहून ऐकला. पण आत कोणतं पद झाल्यावर किती वेळ टाळ्या पडत होत्या, हे मात्र ते बोटांवर मोजून सांगत, आणि दर वेळी आकडा तोच असे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबरमध्ये, केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

आणि तमाशाचं काय? आपल्या लेखात 'तमाशा' हा शब्दच नाही. याच भागातल्या फॉकलंड रोडचं नाव बदलून पठ्ठे बापूराव मार्ग केलेलं आहे. किती टॅक्सीवाल्यांना माहीत आहे विचारून पाहा. पठ्ठे बापूराव म्हणजे तमाशाचे शाहीर श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे, म्हणजे हेही आजच्या सांगली जिल्ह्यातलेच. कुळकर्णीपण सोडून तमाशाच्या फडात उतरले. महार समाजातल्या नर्तकी पवळाबाईंबरोबर उभे राहिले म्हणून गावाने नावं ठेवली, आणि त्याच जोडीला बघायला मुंबईत झुंबड उडाली. बापूराव 1945 साली हलाखीत गेले. ज्या वस्तीचं नाव भल्या घरात दबक्या आवाजात घेतात, तिथल्या रस्त्याला त्यांचं नाव दिलं. कुणाला हा अपमान वाटतो. मला तसं वाटत नाही. त्यांचा प्रेक्षक तिथलाच होता. नाटकवाल्यांनी या वस्तीकडे पाठ फिरवून दादर गाठलं, म्हणून तिथला इतिहासही आपण सोडून द्यायचा का, एवढाच माझा प्रश्न आहे.

महापालिकेकडे एक मागणं आहे, आपल्या मार्फत पोचलं तर बरं. पिला हाऊसला एक पाटी लावा. संगमरवर नको, उद्घाटन नको, मंत्री तर नकोतच. '1846', 'नाना शंकरशेट', 'विष्णुदास भावे, 1853' एवढं लिहिलं तरी पुरे. शब्दाचा उगम लिहिलात तर माझ्यासारखा एखादा नवा कंडक्टर पिवळं घर शोधत बसणार नाही. आणि जागेची अडचण सांगू नका. बसस्टॉपच्या खांबावर, बसनंबरांच्या खाली, हातभर जागा रिकामीच असते.

आपला,
एक निवृत्त बस कंडक्टर
खेतवाडी, गिरगाव, मुंबई