मॅक्सचे पाय पडद्यावर आणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

१९१४ सालच्या ‘मॅक्स पेडिक्यूर’ या फ्रेंच मूकपटाचा खेळ इतका नेटका झाला तो तुमच्यामुळे. समोरासमोर तुम्ही आभार मानू देत नाही, म्हणून हे जाहीर पत्र. मूकपट दाखवणाऱ्या इतरांनाही तुमचं काम उपयोगी पडावं.

गोष्ट एवढीशी. रेशमी हॅट घालून मॅक्स लिंडर हा फ्रेंच विनोदी नट एका बाईंची मनधरणी करायला येतो, नवरा अवेळी घरी टपकतो, आणि मॅक्सला पायांवर उपचार करणाऱ्याचं सोंग घ्यावं लागतं. मग नवऱ्याचेच पाय हातात घेण्याची वेळ येते! सगळी गंमत पायांत. आणि नेमके तेच कापले जात होते. जुनी चौकट १.३३ : १ ची, म्हणजे जवळजवळ चौरस. ती आजच्या रुंद १६ : ९ पडद्यावर कडेपर्यंत मोठी करून बसवली की उंचीतला चौथा हिस्सा जातो, वरून हॅट, खालून पाय. तुम्ही प्रोजेक्टरचं ‘झूम टू फिल’, म्हणजे चित्र मोठं करून पडदा भरणं, बंद केलंत, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू दिलेत आणि कडेला काळं कापड लावायला सांगितलंत. पट्टे वाईट दिसतील ही आमची भीती पहिल्या मिनिटातच गेली.

दुसरी गोष्ट वेगाची. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याचे असे चित्रपट साधारण सेकंदाला १६ ते १८ फ्रेमचे. आपली फाइल २४ ने पळत होती. त्यामुळे लिंडरचा सगळा संथ डौल जाऊन नुसती धावपळ दिसायची. वेग ठरवताना चालण्याकडे बघू नका, नट मुद्दाम भरभर चालतो. हातातून पडणारी वस्तू बघा, हे तुमचं सांगणं लाखमोलाचं. १६ वर हालचाल जड वाटली, १८ वर बसली. म्हणजे वेग ७५ टक्के. ६ मिनिटांचा तुकडा ८ मिनिटांचा होतो. सॉफ्टवेअरमधलं फ्रेम ब्लेंडिंग, म्हणजे शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणं, बंद ठेवून दर तिसरी फ्रेम दोनदा घ्यायची, नाहीतर हातमोज्यांभोवती भुतासारखी सावली पडते.

दृश्यांमध्ये येणाऱ्या मजकुराच्या मराठी पाट्यांवर तर तुम्ही फारच मेहनत घेतलीत. ‘पेडिक्यूर’ तसंच ठेवलं असतं तर आजच्या प्रेक्षकाला ब्यूटी पार्लर आठवलं असतं. ‘कुरूप काढणारा’ म्हणावं, तर पाटी भर्रकन वाचताना चेहऱ्याबद्दल काही आहे असं वाटतं. ‘पायाची कुरुपं काढणारा’ हे तुम्ही सुचवलंत आणि सोंग एका ओळीत कळलं. मॅक्स आणि बाई एकमेकांना ‘अहो-जाहो’च करतील, हाही आग्रह तुमचाच, आणि तो बरोबर होता. त्या दिवाणखान्यात ‘तू’ आलं असतं तर चोरटेपणाच संपला असता. पाटी किती वेळ ठेवायची? सावकाश एकदा मोठ्याने वाचायची आणि त्या वेळाच्या दीडपट.

पेटीवाल्याला तुम्ही एकच सूचना दिलीत: नवरा दारात आला की भाता थांबवायचा. त्या शांततेत पहिला हशा आला.

फ्रेमचे हिशेब लिहिलेला तुमच्या हातचा कागद आमच्याकडेच आहे. पुढच्या खेळाला त्याच्या झेरॉक्स काढून वाटल्या तर चालेल ना?

आपले ऋणी,
मूकपट-मंडळातले सगळे