मराठी टाइपरायटर भंगारात काढण्यापूर्वी

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत टाइपरायटर पुन्हा वापरात येत असल्याविषयीचा लेख वाचला. लेखातील जिव्हाळा मनाला भिडला, तरी हे यंत्र आज नेमके कोणत्या कामाला उपयोगी पडते आणि मराठी कळफलकाच्या यंत्राची गत इंग्रजी यंत्रापेक्षा वेगळी कशी आहे, या दोन गोष्टी त्यात आल्या नाहीत. न्यायालयात लघुलेखक म्हणून नोकरी केल्याने आणि गोदरेजचे एक मराठी यंत्र अजूनही घरात चालते ठेवल्याने त्याबद्दल चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

प्रथम व्यवहाराचे बोलू. नोकरीसाठी टाइपरायटर शिकण्यात आता अर्थ उरलेला नाही. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० आणि इंग्रजीत ४० शब्दांच्या वेगाची अट आजही आहे, पण राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखन परीक्षाच संगणकावर गेली आहे. टाइपरायटरवर टाइप केलेल्या मजकुरात मागाहून परिच्छेद घालता येत नाही, तो शोधता येत नाही आणि कोणाला पाठवायचा तर त्याचा फोटो काढावा लागतो. हे पत्रसुद्धा मी संगणकावर युनिकोडमध्ये टाइप केले आहे, कारण टाइपरायटरवरचे पत्र आले असते तर ते आपल्या कार्यालयात कोणाला तरी नव्याने टाइप करत बसावे लागले असते.

गोपनीयतेसाठी टाइपरायटर बरा, हा लेखातील मुद्दाही तपासून घ्यायला हवा. २०१३ मध्ये रशियाच्या सुरक्षा यंत्रणेने विजेवर चालणारे टाइपरायटर मागवले आणि पुढच्या वर्षी जर्मनीच्या संसदीय चौकशी समितीतही तसा विचार बोलून दाखवला गेला, हे खरे आहे. परंतु त्याच मॉस्कोत, अमेरिकी वकिलातीतल्या आयबीएमच्या विजेच्या टाइपरायटरांत सोव्हिएत हेरांनी बसवलेली उपकरणे १९८४ मध्ये सापडली होती आणि कोणती कळ दाबली हे ती बाहेर कळवत होती. शिवाय एकदाच वापरायची कार्बन फिल्मची रिबन, म्हणजे अक्षर उमटवणारी शाईची पट्टी, उलगडली, तर अख्खे पत्र तिच्यावर वाचता येते. संगणक बंद पडल्यावर काम चालू ठेवायला मात्र यंत्र खरोखर कामी येते. अलास्कातील मॅटानुस्का-सुसिटना या स्थानिक प्रशासनाचे संगणक २०१८ मध्ये खंडणीखोर विषाणूने (पैसे उकळण्यासाठी माहिती कुलूपबंद करणाऱ्या संगणकी विषाणूने) निकामी केले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी कपाटातले टाइपरायटर बाहेर काढून नागरिकांची कामे उरकली.

आता आकर्षणाविषयी. यंत्रासमोर बसले की दुसरे काही उघडता येत नाही, हा फायदा सगळेच सांगतात. मराठीत त्याहून मोठा फायदा आहे आणि तो फारसा कोणी बोलत नाही. मराठी यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते आणि दीर्घ वेलांटी नंतर. ‘विहीर’ हा शब्द घ्या. वेलांटी, मग व; ह, मग वेलांटी. म्हणजे व ला ऱ्हस्व आणि ह ला दीर्घ, हे बोट उचलण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. भ, थ, घ, श यांसारखी अक्षरे अर्धे रूप मारून पुढे काना जोडला की पूर्ण होतात, त्यामुळे जोडाक्षराची फोड हातालाच कळू लागते. मोबाइलवर रोमन अक्षरांत ‘vihir’ लिहून पुढे आलेल्या पर्यायांतून शब्द उचलणाऱ्या मुलांना शुद्धलेखन का येत नाही, असे विचारणाऱ्या पालकांनी त्यांना महिनाभर अशा यंत्रावर बसवून पाहावे. पहिला खर्डा लिहायलाही यंत्र फार चांगले; मागे जाऊन खाडाखोड करणे कटकटीचे असल्याने माणूस वाक्य डोक्यात पुरते जुळवूनच कळीला हात घालतो. बाकी पाकिटावरचा पत्ता, छापील नमुन्यातील रिकाम्या जागा, मुद्रांक कागदावरचा चार ओळींचा मजकूर ही कामे प्रिंटरशी झटापट न करता होतात. न्यायालयांच्या आवाराबाहेर टेबल मांडून बसणाऱ्या टायपिस्टांपैकी काही जण याच कामांवर तग धरून आहेत.

हौसेने जुने यंत्र घेणाऱ्यांना एक सांगणे आहे. वरचा रंग पाहून भुलू नये, कागद ज्याच्याभोवती फिरतो तो रबरी रोलर पाहावा. रबर कडक होऊन चकाकू लागले असेल तर कागद सरकतो, अक्षर एका बाजूने पुसट उठते आणि कार्बन प्रत तर वाचताच येत नाही. अक्षरांच्या दांड्या अडकतात म्हणून त्यांच्या मुळाशी शिवणयंत्राचे तेल सोडणारे पुष्कळ आहेत. ते तेल धूळ धरते आणि चार महिन्यांत दांड्या पूर्वीपेक्षा जास्त चिकटतात. तिथे स्पिरिट आणि जुना टूथब्रश पुरेसा होतो. मूळ लोखंडी रिळे मात्र हरवू नयेत, कारण नवी कापडी रिबन त्यांच्यावरच गुंडाळून घेता येते.

आता मूळ मुद्दा. गोदरेजने १९५५ मध्ये पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवले. २०११ मध्ये ‘जगातील शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’ अशी बातमी देशोदेशी झळकली, पण ती तंतोतंत खरी नव्हती. इंग्रजी यंत्रे त्यानंतरही चीनमध्ये बनत राहिली आणि अमेरिकेतील स्विनटेक ही कंपनी तुरुंगांसाठी पारदर्शक कवचाचे टाइपरायटर विकत राहिली, कैद्याला आत काही लपवता येऊ नये म्हणून! इंग्रजीत टाइप करू इच्छिणाऱ्याला त्यामुळे जगभरातून यंत्र मिळू शकते. मराठीची ती सोय नाही. आपल्या कार्यालयांतून आणि बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून जी यंत्रे उरली आहेत, तेवढाच साठा. एखाद्या यंत्राचा ‘ळ’ झिजला तर तो दुसऱ्या मराठी यंत्रातूनच काढून बसवावा लागतो.

असे असताना ही यंत्रे कार्यालयातील टिकाऊ वस्तूंच्या, म्हणजे जडवस्तू नोंदवहीतून निर्लेखित (कायमची कमी) होऊन लोखंडाच्या भावाने किलोवर जातात. एका कार्यालयाच्या लिलावात चालू स्थितीतील मराठी यंत्रे तुटक्या खुर्च्या आणि पंख्यांच्या एकाच ढिगात घातलेली मी पाहिली आहेत. घेणाऱ्याने जागेवरच हातोडा मारून रोलर वेगळे केले. अधिकाऱ्यांनी नियम मोडला असे नाही. नियमात टाइपरायटर ही निव्वळ जुनी वस्तू आहे, तिचा कळफलक कोणत्या भाषेचा आहे हे विचारणारा रकानाच यादीत नसतो.

माझी विनंती मर्यादित आहे. शासकीय कार्यालये, जिल्हा परिषदा आणि बँका यांनी निर्लेखनाच्या यादीत मराठी कळफलकाची यंत्रे वेगळी दाखवावीत आणि लिलावापूर्वी जिल्ह्यातील ग्रंथालये, महाविद्यालयांचे मराठी विभाग व चालू असलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूट यांना पंधरा दिवसांची मुदत देऊन ती नाममात्र किंमत घेऊन द्यावीत. नादुरुस्त यंत्रेही सुट्या भागांसाठी याच मार्गाने द्यावीत. दुरुस्ती जाणणारे कारागीर आता बहुतेक साठी-सत्तरीचे आहेत, तेव्हा शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी त्यांच्याकडून आठवडाभराचा एखादा वर्ग घेतला तर खर्चही फार येणार नाही. ज्या कार्यालयांचे लिलाव यंदा मार्चअखेरीस व्हायचे आहेत, त्यांनी निदान तोपर्यंत ही यंत्रे ढिगातून बाजूला काढून ठेवावीत.

आपला,
एक निवृत्त लघुलेखक, सातारा