खिडकीला ट्रे लावणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे चुकून तुमच्या हाती पडलं तरी तुम्हाला वाचता येणार नाही. पण तेव्हा तुमच्याशी बोलताना मी प्रत्येक इंग्रजी वाक्य मनात दोनदा घोकून मगच तोंडाबाहेर काढायचे. आज बरंच बोलायचंय, तर आपल्या भाषेतच बोलते.

1999चा मे महिना. लग्नाला चार महिने झालेले, सांगलीहून थेट इंडियानात. नवरा सकाळी लॅबमध्ये गेला की रात्रीच उगवायचा. माझा डिपेंडंट व्हिसा, त्यामुळे नोकरी नाही. लायसन्स मिळालं आणि एकटी गाडी घेऊन पहिल्यांदा गेले ती तुमच्या ड्राइव्ह-इनला, म्हणजे गाडीतच बसून खायच्या हॉटेलला. कारण सरळ होतं: तिथे गाडीतून उतरावंच लागत नव्हतं. हॉटेलचं दार ढकलून एकटीने आत जायचं, काउंटरवर उभं राहून बोलायचं, मागे रांग खोळंबलेली, या सगळ्याची मला धास्ती होती. तुमच्याकडे पत्र्याच्या छपराखाली गाडी लावायची, पाटीवर लिहिल्याप्रमाणे हेडलाइट लावायचे आणि बसून राहायचं. तुम्हीच यायचात.

आमच्याकडचे लोक विचारतात, स्केट्सवर यायची का गं ती? नाही. पांढरे कॅनव्हासचे बूट, कमरेला सुट्या पैशांची पिशवी आणि उजवा गुडघा जरा जपून टाकायची सवय.

पहिल्याच दिवशी मी अदबीने काच पूर्ण खाली केली. तुम्ही म्हणालात, "नको बाळा, चार बोटं वर ठेव." त्या ॲल्युमिनियमच्या ट्रेला रबर लावलेले दोन आकडे होते, ते काचेच्या कडेवर अडकायचे आणि खालचा दांडा दाराला टेकायचा. काच पूर्ण खाली गेली तर ट्रे लावायचा कशाला? तुम्ही वाट बघत उभ्या राहिलात आणि मी हँडल फिरवत काच वर घेतली. अर्धा इंच जास्तच वर गेली, पुन्हा खाली. तोवर मागच्या गाडीने दोनदा दिवे मारले होते, तिकडे तुम्ही वळूनही पाहिलं नाही.

रूट बिअरचं तर विचारूच नका. बिअर म्हटल्यावर मी दचकून मान हलवली. यात दारू नसते, हे तुम्ही मला तीन तऱ्हांनी समजावलंत. मग फ्रीझरमधून काढलेला काचेचा जाड मग आला, बाहेरून पांढरा बर्फ धरलेला, वर फेस. पहिला घोट घेतला आणि घशात साक्षात आयोडेक्स! नंतर कळलं, त्यात विंटरग्रीन नावाच्या वनस्पतीचा वास असतो आणि आयोडेक्सलाही तोच वास. पूर्वी ते सॅसाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळापासून करत, म्हणून रूट. त्यातल्या सॅफ्रोल नावाच्या द्रव्यावर 1960 साली बंदी आली, तेव्हापासून चव दुसऱ्या वाटेने आणतात. तिसऱ्या खेपेला मला ते आवडायला लागलं. आज कंबर दुखली की मला तहान लागते, असं मी घरी म्हणते आणि कोणी हसत नाही.

शाकाहारी माणसाला तिथे खायला होतं तरी काय? चीज घालून तव्यावर शेकलेला ब्रेड आणि ऑनियन रिंग्ज. शेजारच्या गाडीत पोळीएवढा थापलेला, तळलेला पोर्कचा तुकडा पावाबाहेर चारी बाजूंनी लोंबत असायचा, इंडियानाची ती खासियत. मी आपली रिंग्जवर खूश. कांदाभजीची ही गोरी चुलत बहीण, बेसन नाही, ओवा नाही, पण कुरकुरीतपणात तिने आमच्या भज्यांना मागे टाकलं, हे सांगलीत कोणाला सांगू नका.

आणि मग तो जुलैतला दिवस. पाऊस कोसळत होता. ऑर्डर देऊन झाली, खाऊन झालं, तुम्ही ट्रे काढून नेलात, तरी मी रेडिओ लावून तासभर तशीच बसले होते. घरी जाऊन करायचं काय? दिवे चालूच. किल्ली फिरवली तर नुसतं टक. पुन्हा टक. मोबाइल नाही, लॅबचा नंबर घरी डायरीत. मला रडू फुटलं, आणि नेमक्या तेव्हाच तुम्ही खिडकीवर टकटक केलीत.

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. मागे जाऊन तुमचा जुना पिकअप ट्रक घेऊन आलात, नाकाला नाक लावलंत, सीटखालून केबल काढल्यात आणि बॉनेट उघडून मलाच जवळ बोलावलंत. आधी लाल, मेलेल्या बॅटरीच्या अधिकला. मग लाल, जिवंत बॅटरीच्या अधिकला. मग काळा चिमटा जिवंतच्या उण्याला. शेवटचा काळा मात्र बॅटरीला नाही, लांब, इंजिनच्या उघड्या धातूला, म्हणजे ठिणगी बॅटरीपाशी उडणार नाही. तो शेवटचा चिमटा तुम्ही माझ्या हातात दिलात. गाडी सुरू झाल्यावर म्हणालात, "अर्धा तास बंद करू नकोस, कुठेतरी फिरून ये." मक्याच्या शेतांमधून मी चाळीस मिनिटं हिंडले. अमेरिकेत पहिल्यांदाच मी कुठेही पोचायचं नसताना गाडी चालवली.

सप्टेंबरात, थंडीसाठी दुकान बंद व्हायच्या आठवड्यात, डबाभर चकल्या घेऊन आले. तुम्ही एक उलटीसुलटी करून पाहिलीत आणि विचारलंत, "ही पोटॅटोची की ऑनियनची?"

ड्राइव्ह-इनचा इतिहास मी पुढे हौसेने वाचला. 1921मध्ये डॅलसला पिग स्टँड नावाचं ड्राइव्ह-इन निघालं, तिथून हे लोण पसरलं. 1948मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत मॅकडॉनल्ड बंधूंनी गाडीपाशी ट्रे नेणाऱ्या मुलींना रजा दिली, खिडकीवर या आणि 15 सेंटला हॅम्बर्गर घेऊन जा म्हणाले. धंद्याच्या हिशेबाने बरोबरच होतं त्यांचं. आपल्याकडेही चेन्नईत कॅथेड्रल रोडवर वुडलँड्स होतं, गाडीत डोसा यायचा, 2008 साली तेही बंद झालं.

पण पत्र लिहायला बसले ते एका वेगळ्याच कारणाने. त्या हिवाळ्यात नवऱ्याच्या एका लॅबमित्राकडे जेवताना मला टिप हा प्रकार कळला. टिप घेणाऱ्यांना मालकाने ताशी 2 डॉलर 13 सेंट दिले तरी कायद्याने चालतं, बाकी गिऱ्हाइकाने द्यायचं. माझा घास तोंडातच राहिला. मी दर खेपेला तुमच्याकडून सुटे पैसे सेंटापर्यंत मोजून घेतले होते! बॅटरीच्या दिवशीसुद्धा. आणि तुम्ही दर वेळी ते हसून तळहातावर ठेवलेत. वसंतात दुकान उघडायच्या आत आम्ही न्यू जर्सीला गेलो होतो.

2017 साली त्या रस्त्याने मुद्दाम आले. छपराचे खांब होते, खाली गवत.

नऊ वेळा आले होते मी, बिल साधारण चार डॉलर, पंधरा टक्क्यांनी पाच डॉलर चाळीस सेंट होतात. पाकिटात वेगळे ठेवलेत. व्याजाचं तुम्ही ठरवा.

तुमची,
चकलीवाली