पिवळी गोळी

लष्कर, ग्वाल्हेर
संक्रांतीचा दुसरा दिवस

चि. बंडूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी गाडी सुटल्यावर मी फलाटावर बराच वेळ उभा राहिलो आणि मग ती मच्छरदाणी काखेत मारून टेंपोने घरी आलो. आईने दार उघडले, माझ्या काखेकडे पाहिले आणि काही न बोलता चहा टाकला. तुझ्या दोन सहकाऱ्यांसमोर तुझी बॅग उघडून तीत कोंबाकोंबी करायला नको होती, हे मला मान्य आहे. सव्वीस वर्षांच्या कॅप्टनला भर फलाटावर "बाबा, मी शाळेच्या सहलीला चाललेलो नाही" असे म्हणावे लागले, यात चूक कॅप्टनची नव्हे. या पत्रात मच्छरदाणीचा विषय काढायचा नाही, असे ठरवूनच लिहायला बसलो आहे.

खरे म्हणजे त्या दिवशी तुला मच्छरदाणी नव्हे, तुझ्या आजोबांची, नानांची वही द्यायची होती. ती माझ्या पिशवीत तळाशी होती आणि भांडणात तशीच राहिली. तू जेवताना वैरेंगटेचे नाव घेतलेस, तेव्हा मी लगेच उठून नकाशा काढला होता, हे तुला आठवत असेल. मिझोरमच्या उत्तर टोकाला, आसामच्या हद्दीला लागून ते गाव आहे आणि 1970 पासून लष्कराची जंगलयुद्धाची शाळा तेथे आहे, एवढे मी वाचून काढले. नानांच्या वहीत तो मुलूख "लुशाई टेकड्या" या नावाने एकदाच येतो. ते स्वतः होते त्याच्या ईशान्येला, मणिपुरात उखरूलच्या बाजूला, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या पलटणीत, नाईक म्हणून. चिंदविन नदीच्या काठापर्यंत जाऊन, कोणाच्या दृष्टीस न पडता, काय दिसले ते मोजून परत यायचे, हे त्यांचे दुसऱ्या महायुद्धातले, 1944 च्या सुरुवातीचे काम. गोळी झाडावी लागली तर गस्त फसली, असे त्यांनी पहिल्याच पानावर लिहिले आहे.

निवृत्त झाल्यापासून मी ती वही स्वच्छ अक्षरात उतरवून काढतो आहे. नानांनी ती 1984 साली पेन्सिलीने लिहिली आणि पेन्सिल आता पुसट होत चालली आहे. महालेखापाल कार्यालयात आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासणाऱ्या माणसाला अशी वही मिळणे म्हणजे काय, ते तू समजू शकशील. दौलतराव शिंद्यांच्या छावणीवर वसलेल्या, लष्कर हेच नाव असलेल्या वस्तीत जन्म काढून मी स्वतः कधी लष्करात गेलो नाही. आजोबा आणि नातू यांच्यामध्ये मी हा असा कारकून.

त्या वहीतले काही तू लहानपणी नकळत शिकला आहेस. निघण्यापूर्वी प्रत्येकाने जागेवर दोन उड्या मारायच्या आणि जे वाजेल ते आधी काढायचे किंवा चिंधीने बांधायचे, हा त्यांचा नियम होता. मी जनकगंजच्या शाळेत जाताना ते मला ओसरीवर अशाच उड्या मारायला लावत आणि कंपासपेटी खुळखुळली की माईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आत कोंबत. मला वाटे, आवाजाने त्यांचे डोके दुखते. तुझ्या कंपासपेटीत मी कापूस घालत असे, तो याच सवयीने, आणि त्यामागचे कारण मला वयाच्या साठाव्या वर्षी ती वही उतरवताना कळले.

फेब्रुवारीत तिकडच्या सागाची पाने गळतात आणि वाळून पायाखाली पापडासारखी वाजतात. म्हणून ते रात्री कोरड्या ओढ्यातून चालत. त्या ओढ्यांना ब्रह्मी शब्दाने सगळे "चाउंग" म्हणत. पण वाळूत पाऊल उमटते, तेव्हा शेवटच्या माणसाने झाडाची फांदी फिरवत यायचे. समोरच्याच्या पावलांचे ठसे मात्र नीट पाहायचे, कारण जपानी शिपायाच्या कापडी बुटाला अंगठा वेगळा असतो आणि तो ठसा लपत नाही. विडी नाही, साबण नाही, बोलणे नाही. मोजणीसाठी दहा माणसांमागे एक खडा या खिशातून त्या खिशात टाकायचा. नदीच्या पलीकडच्या काठावर त्यांनी तीन दिवस पालथे पडून बैल मोजले. एवढे बैल नांगराला नव्हेत, कूच करणाऱ्या फौजेच्या पोटाला लागतात, हे त्यांच्याबरोबरच्या तांगखुल नागा वाटाड्याने ओळखले. पुढे 15 मार्चच्या रात्री जपानी एकतिसाव्या डिव्हिजनने चिंदविन ओलांडली, तेव्हा त्या बैलांचा हिशेब लागला. बंडू, तेथील वाटाड्यांचे, गावकऱ्यांचे म्हणणे मन लावून ऐक. त्यांना "लोकल" म्हणून बाजूला सारू नकोस, त्यांच्या भाषेतले चार शब्द शीक, त्यांच्या घरी दिलेले नाकारू नकोस, आणि आपल्याला नकाशा वाचता येतो याचा… असो. हे तुला तुझे उस्ताद माझ्यापेक्षा चांगले शिकवतील. क्षमा कर, हात लिहीत सुटतो.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगतो, आणि त्यात पुन्हा डास येतील, त्याला माझा इलाज नाही.

तुला आठवते का, मी तुला ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या चौदाव्या सैन्याचा तो आकडा सांगितला होता आणि तू हसला होतास? 1943 साली जखमी होऊन मागे पाठवलेल्या प्रत्येक जवानामागे आजाराने मागे पाठवलेले 120 होते, आणि नुसत्या हिवतापाचे वार्षिक प्रमाण एकूण सैन्यसंख्येच्या 84 टक्के होते. हे माझे नव्हे, सेनापती स्लिम यांचे लिहिणे आहे. त्यांनी हिवतापावरची मेपॅक्रीनची गोळी सक्तीची केली, अचानक तपासण्या लावल्या आणि ज्या पलटणीत 95 टक्क्यांहून कमी लोकांच्या अंगात गोळी सापडली, तिच्या कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवायचे ठरवले. तीन अधिकारी गेल्यावर बाकीचे आपोआप समजले. लेखापरीक्षणाचा इतका चोख नमुना मी नोकरीत कधी पाहिला नाही.

त्या गोळीने कातडी पिवळी पडे आणि तिने पुरुषत्व जाते, अशी अफवा शिपायांत होती. नानांचे लग्न 1943 च्या वैशाखात झाले होते. अकरा दिवसांची रजा, त्यातले चार गाडीत. ते गोळी जिभेखाली धरत आणि हवालदार पुढे गेला की थुंकून टाकत. हे त्यांनी स्वतः लिहिले आहे, एकदाच, एका ओळीत. माझा जन्म 1957 चा, म्हणजे अफवेत तथ्य नव्हते, असे मी हसण्यावारी नेणार होतो. पण पुढचे पान उतरवताना माझ्याच्याने हसवले नाही.

परतीच्या वाटेवर त्यांना ताप भरला. दिवसा ते पाच जण बांबूच्या बेटात पडून राहिले होते. संध्याकाळी नानांना हुडहुडी भरली आणि दात वाजू लागले, आणि नेमक्या त्याच वेळी तीस-चाळीस जपानी ओढ्यात पाणी शोधत आले आणि पंधरा पावलांवर बसले. ते पहाटेपर्यंत हलले नाहीत. कराडकडचा एक शिपाई रात्रभर नानांच्या अंगावर आडवा पडून राहिला, त्यांच्या दातांत आपल्या पटक्याचे टोक कोंबून, एका हाताने त्यांचा जबडा आवळून. उड्या मारून पाहताना सगळे काढले होते, पण वाजायचे ते माझ्या तोंडात होते, असे नाना लिहितात.

त्या शिपायाचे नाव वहीत प्रत्येक वेळी बापाच्या नावासकट पूर्ण लिहिलेले आहे. ते येथे लिहीत नाही, तेथेच वाच. महिन्याभराने पलटण सांगशाक गावी जपान्यांच्या वेढ्यात सापडली. खाली कातळ, त्यामुळे खंदक खोल जाईनात, आणि पाणी नाही. "26 मार्चच्या रात्री निघण्याचा हुकूम झाला. जे चालू शकत नव्हते ते राहिले." यापुढे दोन पाने कोरी आहेत आणि मग एकदम रांचीचे इस्पितळ येते. तो शिपाई राहिलेल्यांत होता, हे मला कोऱ्या पानांवरून नव्हे, माईकडून कळले. परतल्यावर तीन पावसाळे नानांना हिव भरत असे, तेव्हा ते तोंडात पंचा कोंबून घेत आणि माईला जवळ येऊ देत नसत. लग्नाच्या चौथ्या वर्षी नवऱ्याचा आवाज विसरले होते, असे ती कुसुमताईला सांगत असे.

तू कोठे जातोस, काय मोजतोस, हे मी विचारणार नाही. तू सांगणार नाहीस, आणि सांगू नये हे मला नानांनी शिकवले आहे. तुझ्या खांद्यावर तिसरा तारा लागला त्या दिवशी मी माई आणि नाना यांच्या फोटोसमोर उगीचच दोनदा जागेवर उडी मारली होती, हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही. मी फक्त एवढेच विचारतो, की तुमचे डॉक्टर जी गोळी देतील ती तू गिळतोस ना? फोनवर "हो" एवढे म्हटलेस तरी पुरे, बाकी काही बोलला नाहीस तरी चालेल. तुझ्यामुळे दुसऱ्या कोणाला तुझे तोंड दाबून रात्र काढावी लागू नये, असे लिहिणार होतो, पण ते वाक्य फार कठोर आहे, आणि तू नाना नाहीस, तू त्यांच्यापेक्षा शहाणा आहेस. तरी गिळतोस ना?

वहीची उतरवलेली प्रत सोबत पाठवीत आहे. मूळ वही मात्र रजेवर येशील तेव्हा येथेच पाहा. पार्सलमध्ये आईने मुरैन्याची गजक दोन डबे भरून दिली आहे. एक तुझ्या त्या दोन सहकाऱ्यांसाठी, त्यांना माझी दिलगिरी कळव. डब्यांच्या खाली घडी करून काय ठेवले आहे, ते पाहून रागावू नकोस. आता तेथे त्या पार्सलभोवती तुझे सहकारी उभे नसतील, असे मी धरून चाललो आहे.

तुझा,
बाबा