बाळंतपण पुण्यातच करायचं ठरवलंय

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आईचा गळा दाटतो आणि मग मलाही बोलवत नाही, म्हणून लिहितेय. बाळंतपण पुण्यातच करायचं आम्ही ठरवलंय. दवाखान्यात नावही नोंदवलंय.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे मला कळतं. बाबांनी माळ्यावरचा पाळणा उतरवून घासून ठेवलाय, तेही दादाने सांगितलं. पण आता आठवा लागलाय. साधं वाकलं तरी आंबट पाणी घशाशी येतं, मग पाटणच्या पुढे कुंभार्ली घाटाची वळणं मी कशी काढू? शिवाय पहिल्यापासून बघणाऱ्या डॉक्टर इथल्या. आणि बाबा, गेल्या पावसाळ्यात जे झालं त्यानंतर आईने माझ्यासाठी रात्र रात्र जागावं हे मला नकोय. तुमच्यावर विश्वास नाही असं मनातही आणू नका.

आई, एक गोष्ट मात्र मनातून काढ. ही जळजळ सासूबाईंच्या हातच्या जेवणाने होत नाही. त्यांनी माझ्यासाठी आमटीत मिरची घालणंच सोडलंय. डॉक्टरांनी मला चित्र काढून दाखवलं. या दिवसांत प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं, त्याने अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते. त्यात वाढतं गर्भाशय जठराला वर ढकलतं, मग आम्ल उलटं छातीत चढतं. तुझ्या हातचा मऊ भात खाल्ला तरी थोडं होणारच. बाळंत झाल्यावर बहुतेकींचं आपोआप थांबतं.

माझी सोय उत्तम आहे, खरंच. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्यात. नुसत्या उशा रचल्या की कमरेत मुडपून पोटावर दाब येतो. डाव्या कुशीवर झोपते. रात्रीचं जेवण साडेसातला, साडेदहाच्या आधी आडवी होत नाही. दिवसभर थोडं थोडं खाते, साळीच्या लाह्या, दुधीची भाजी, तूप-भात. तळलेलं बंद, चहा सकाळी अर्धा कप. तरी कधी रात्री उठून बसावं लागतं. तेव्हा हे पाठीवरून हात फिरवत बसतात आणि मला तूच आठवतेस. लहानपणी माझ्या अंगावर पित्त उठायचं, तू वाटीत आमसुलं कोळायचीस, ते गार लाल पाणी हाता-पायांना लावायचीस आणि पदराने वारा घालत राहायचीस. मी खाजवू नये म्हणून माझे दोन्ही हात एका मुठीत धरायचीस. अजून तशी मूठ हवीशी वाटते गं.

पित्तावरच्या सूतशेखरच्या गोळ्यांची डबी मिळाली. रागावू नकोस, घेतल्या नाहीत. त्यात पारा आणि बचनाग हे विषारी मूळ असतं, शुद्ध केलेलं असलं तरी गरोदरपणी नको, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाल्या. लिंबू-सोडाही नको, त्यात सोडियम फार. त्यांनी कॅल्शियम कार्बोनेटची चघळायची गोळी दिलीय, ती बाळाला चालते. लोहाची गोळी तिच्यापासून दोन तास लांब घेते, नाहीतर लोह अंगी लागत नाही. बरगड्यांखाली उजवीकडे दुखलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे आले किंवा तोंड सुजलं, तर ते पित्त समजून घरी बसायचं नाही, रक्तदाबाचं असू शकतं, हे आम्हा दोघांनाही पाठ आहे. आत्तापर्यंत रक्तदाब चांगला आहे.

आजीला सांग, जळजळ म्हणजे बाळाला जावळ भरपूर, हे तिचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही. 2006 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 64 गरोदर बायकांचा अभ्यास झाला, त्यात जास्त जळजळ असणाऱ्यांची बाळं बहुतेक केसाळच निघाली. तिला फार आनंद होईल.

आता माझं ऐका. आई, पहाटे उपाशीपोटी गुडघ्याची गोळी आणि वर कोरा चहा, हे आजपासून बंद. आधी काहीतरी खा, मग गोळी. संकष्टीला दिवसभर पोट रिकामं ठेवून रात्री साबुदाण्याची खिचडी, हेही नको, बाप्पा रागावत नाही. बाबा, रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही.

नववा लागला की दोघांनीही इकडे या, आणि बाळ दोन महिन्यांचं होईपर्यंत राहा. मागची खोली तुमच्यासाठी रिकामी केलीय, न्हाणीघर तिथेच लागून आहे, सकाळचं ऊन तिथेच येतं आणि पेपरही सहाला दारात पडतो. सासूबाईंनी स्वतः विचारलंय, तुमच्या आईंना देवपूजेला फुलं कुठली लागतात म्हणून. दिवसाउजेडी निघा, एसटीने नको, दादाच्या गाडीने. तुझ्या जुन्या सुती साड्या धुऊन आण, दुपटी शिवायची आहेत. आणि निघायच्या आधी बाबांच्या रक्ताच्या तपासण्या करून मला रिपोर्टचा फोटो पाठवा.

तुमची,
मनी